बालविभाग आणि कादंबऱ्या यांच्या मधोमध

नववीतला मुलगा बालविभागाच्या कपाटाशी उभा राहत नाही. तिथे बुटक्या खुर्च्या असतात, भिंतीवर ससा-कासव रंगवलेलं असतं आणि शेजारच्या बिल्डिंगमधली दुसरीतली पोरगी चित्रं बघत बसलेली असते. कादंबऱ्यांच्या कपाटाकडे वळावं, तर पेपर वाचणारे कुणीतरी काका चष्म्यावरून बघतात आणि ‘मुलांची पुस्तकं तिकडे रे’ म्हणून हात दाखवतात. मग तो स्पर्धा परीक्षांच्या मासिकांपाशी रेंगाळतो, मोबाइल काढतो आणि आल्या पावली परत जातो. वाचनालयाच्या वार्षिक अहवालात त्याची नोंद कुठेच होत नाही. बालसभासद म्हणून त्याचं वय उलटलेलं असतं आणि साधारण सभासद त्याचे वडील असतात.

कल्याणहून लोकल कर्जतकडे वळली की विठ्ठलवाडीनंतर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्टेशनं ओळीने लागतात. या पट्ट्यात काम करणाऱ्या एका ग्रंथपाल बाईंना हा मुलगा फार जवळून माहीत आहे. त्या राहतात बदलापूरला. नोकरी अंबरनाथच्या एका सार्वजनिक वाचनालयात. शनिवारी पुस्तकांची पेटी घेऊन त्या उल्हासनगरच्या कॅम्प 4 मधल्या एका शाळेत जातात. मुलं त्यांना मॅडम म्हणतात. इथेही तेवढं पुरे.

या भागाला पुस्तकांचं वावडं आहे असं मुळीच नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 सालचं. बदलापुरात चित्रकलेचे शिक्षक श्याम जोशी यांनी ‘ग्रंथसखा’ उभं केलं. तिथली दुर्मीळ मराठी पुस्तकं आणि जुनी नियतकालिकं पाहायला लांबलांबून अभ्यासक येतात. पण आपल्याला काय हवंय हे अभ्यासकाला नेमकं ठाऊक असतं. पंधरा वर्षांच्या पोराला ते ठाऊक नसतं, आणि कुणी विचारलेलं आवडतही नाही.

मॅडमना रस्ता सापडला तो दाराजवळच्या एका साध्या मांडणीत. ‘नवीन आलेली पुस्तकं’ अशी पाटी असलेली ही मांडणी बहुतेक वाचनालयांत असते. तिच्यावर वय लिहिलेलं नसतं. तिथे आजोबाही उभे राहतात, कॉलेजची मुलगीही, आणि त्यांच्या गर्दीत नववीतला मुलगाही कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. हे ध्यानात आल्यावर त्यांनी त्या मांडणीचा खालून दुसरा खण हळूहळू ताब्यात घेतला. पाटी लावली नाही. ‘किशोरांसाठी’ असं लिहिलं असतं तर तो खण त्याच दिवशी ओस पडला असता, असं त्या हसत सांगतात.

त्या खणातलं सगळंच काही यंदा छापलेलं नसतं. दाखल नोंदवहीत काल चढलं ते वाचनालयाच्या लेखी नवीन; मुलाच्या लेखी तर त्याने कधी न पाहिलेलं सगळंच नवीन. नारायण धारपांच्या भयकथा मॅडमच्या वडिलांच्या पिढीने वाचलेल्या. पण धारपांच्या कथाविश्वावरून प्रेरणा घेतलेला ‘तुंबाड’ 2018 साली आला, 2024 मध्ये पुन्हा थिएटरात लागला आणि दुसऱ्या खेपेला जास्त चालला. त्या सुमारास दहावी-अकरावीतली पोरं ‘धारप आहे का?’ असं विचारत येऊ लागली. पाठीवरचा कपडा सुटलेल्या जुन्या प्रती होत्याच. मॅडमनी त्या तशाच पुढे केल्या नाहीत. नव्या मुखपृष्ठाच्या आवृत्त्या मागवल्या, आणि मजकूर तोच असूनही त्याच फिरल्या. 2013 साली ‘दुनियादारी’ सिनेमाने सुहास शिरवळकरांच्या बाबतीत हेच केलं होतं.

सिनेमा दर वेळी असा कामाला येतो असंही नाही. 2017 साली ‘फास्टर फेणे’ झळकला आणि मुलं उत्साहाने भा. रा. भागवतांची पुस्तकं घेऊन गेली. सिनेमातला फेणे मोठा, गुन्ह्याच्या मागावर निघालेला. पुस्तकातला फेणे फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवर टांग मारून सुटणारा शाळकरी मुलगा. नववी-दहावीतल्यांनी ती पुस्तकं दोन दिवसांत परत आणली, सहावी-सातवीतल्यांनी मात्र सोडली नाहीत. तेव्हापासून मॅडम पुस्तक देताना त्यातल्या मुलाचं वय सांगतात. वाचणारा स्वतःहून एखाद-दोन वर्षांनी मोठ्या मुलाबद्दल वाचायला तयार असतो. लहान मुलाबद्दल वाचायचं म्हटलं की त्याला कमीपणा वाटतो. सलीम मुल्ला यांचं ‘जंगल खजिन्याचा शोध’ आणि संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ या साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालेल्या पुस्तकांनाही त्या हाच निकष लावतात. भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ला 2024 चा पुरस्कार मिळाला. पुरस्काराचं नाव काढलं की मुलांना अभ्यासाचा वास येतो, म्हणून तिथे मॅडम पुरस्काराचं बोलत नाहीत, फक्त भूतबंगला म्हणतात.

शिफारशीला मिळणारा वेळ जेमतेम असतो. आई-वडील सकाळच्या लोकलने मुंबईला गेलेले, दुपारभर घर मुलांच्या ताब्यात, मग क्लास. वाचनालयात पोरं येतात ती क्लासला जाता जाता, पाठीवर सॅक घेऊन, एक पाय दाराबाहेर ठेवून. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दलचा आहे. अंबरनाथच्या देवघेव टेबलाशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला त्याचा अर्थ फार लवकर कळतो.

“मॅडम, नवीन काही आलंय?”

“आलंय की. आधी सांग, अर्धवट सोडलेलं शेवटचं पुस्तक कुठलं?”

मुलगा जरा गोंधळतो. आवडतं पुस्तक कुठलं, या प्रश्नाला उत्तर तयार असतं, कारण शाळेत ते निबंधाला येतं. सोडलेल्या पुस्तकाबद्दल त्याला आजवर कुणी विचारलेलं नसतं.

“‘मृत्युंजय’.”

“का सोडलंस?”

“जाड आहे. आणि त्यात जो तो स्वतःबद्दलच बोलत बसतो.”

शिवाजी सावंतांच्या त्या कादंबरीचा घाटच असा आहे की एकेक पात्र आपापली कथा सांगतं. म्हणजे मुलाने पुस्तक नीट पाहिलं होतं. त्याला फक्त घडामोड हवी होती. मॅडमनी सत्यजित राय यांच्या गुप्तहेर फेलूदाचं अशोक जैन यांनी मराठीत आणलेलं एक पुस्तक काढून दिलं. बारीक पुस्तक, एकच रहस्य, आणि ते सांगणारा तोपशे साधारण त्याच्याच वयाचा. तो मुलगा पुढच्या आठवड्यात आला तो ‘याचे अजून किती आहेत?’ हे विचारतच. लेखकाचं नाव त्याला विचारलं असतं तर बहुधा सांगता आलं नसतं.

एकच पुस्तक हातात ठेवायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. टेबलावर तीन मांडायची. एक मागितल्यासारखं, दुसरं त्याच्या जवळपासचं, तिसरं अगदीच वेगळ्या वाटेचं. सभासदाला घरी दोनच नेता येतात, त्यामुळे एक परत ठेवावं लागतं, आणि निवड आपण केली असं मुलाला वाटतं. न वाचता परत आणलं तरी ‘का रे’ म्हणायचं नाही. ‘हे वाचच, तुझ्या आयुष्याला वळण लागेल’ असं तर चुकूनही म्हणायचं नाही. वळणाचं नाव काढलं की पुस्तक बक्षीस समारंभातलं होतं.

‘एक होता कार्व्हर’ची तीच गत झाली आहे. वीणा गवाणकरांचं हे 1981 सालचं चरित्र मराठी घरांत इतकं पोचलंय की कित्येक मुलांकडे ते बक्षीस म्हणून मिळालेलं, पहिल्या पानावर शाळेचा शिक्का घेऊन, न उघडता पडलेलं असतं. उल्हासनगरच्या शाळेत एक मुलगा होता, घरचं मशीन दुरुस्तीचं दुकान, स्वतःही दुपारी तिथे बसणारा. पुस्तकांकडे ढुंकून पाहायचा नाही. त्याला मॅडमनी कार्व्हरच्या गरिबीबद्दल, थोरवीबद्दल काही सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की हा माणूस टस्कीगीला शिकवायला गेला तेव्हा प्रयोगशाळेत काही नव्हतं, म्हणून त्याने उकिरड्यावरच्या बाटल्या आणि भंगार गोळा करून उपकरणं बनवली. उल्हासनगरच्या मुलाला भंगारातून वस्तू उभी करण्याचं कौतुक समजावून द्यावं लागत नाही. ‘कशाचं काय बनवलं?’ एवढं बघायला म्हणून त्याने पुस्तक नेलं.

परत आलेलं पुस्तक मॅडम लगेच कपाटात लावत नाहीत. आधी तारीखपट्टी बघतात. कुणी मुदत वाढवून घेतली, कुणी दुसऱ्याच दिवशी आणून टाकलं. मग अंगठ्याने पानं सोडत जातात. शेवटचा दुमडलेला कोपरा कुठे आहे? वेफर्सचे तेलकट डाग कुठवर गेलेत? खूण म्हणून घातलेली क्लासच्या फीची पावती कितव्या पानात विसरलीय? प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’मध्ये हा कोपरा सुरुवातीच्या पानांतच सापडायचा. त्यातल्या लंपनची भाषा बेळगावकडची, कानडी हेल असलेली, आणि गोष्ट सावकाश चालणारी. अंबरनाथच्या पोरांना ती चटकन पकडीत येत नसे. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’त कोपरा दुमडलेलाच नसे. मधली काही पानं मात्र बोटं लागून लागून मळलेली.

‘वनवास’ला वाचक मिळाली ती बदलापुरात. लालबागची चाळ सोडून कुटुंब पूर्वेच्या एका नव्या इमारतीत राहायला आलेलं, मुलगी आठवीत, मैत्रिणी सगळ्या मुंबईत राहिलेल्या. मुंबईत परवडत नाही म्हणून बदलापूरला आलेली अशी घरं इथे ढिगाने आहेत. मॅडमनी तिला सांगितलं, हा मुलगा आई-बाबांपासून दूर, आजी-आजोबांच्या गावी राहतो, सुरुवातीला जरा दमाने घे. तिने दम धरला. लंपनचीच ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ तिने मागून घेतली.

पुस्तक देताना कधीकधी नदीही कामाला येते. बदलापूरच्या बॅरेजवरून जे पाणी नळाला येतं ते उल्हास नदीचं, आणि उल्हास येते ती राजमाचीच्या बाजूच्या डोंगरांतून. गो. नी. दांडेकरांचा ‘माचीवरला बुधा’ त्याच राजमाचीवरचा. सुट्टीत चंदेरीवर, मलंगगडावर चढणाऱ्या मुलांना कादंबरी नको असते. त्यांना मॅडम आधी प्र. के. घाणेकरांचं ‘साद सह्याद्रीची! भटकंती किल्ल्यांची’ देतात. त्यातल्या वाटा वाचून पोरं राजमाचीला जाऊन आली, की मग बुधा पुढे करतात.

‘शाळा’वरून मात्र दर वर्षी कुणीतरी पालक टेबलाशी येतातच. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी आणि त्याला आवडणारी शिरोडकर, एवढ्यावर कादंबरी उभी आहे. 2004 साली ती आली तेव्हापासून त्या वयाच्या मुलांचं इतकं खरं बोलणं मराठीत फार थोड्यांनी लिहिलं. एक वडील पुस्तक आपटूनच म्हणाले, “अहो, हे काय देता पोरांना? दहावीचं वर्ष आहे.” मॅडमनी वाद घातला नाही. “तुम्ही वाचलंत?” म्हणून विचारलं आणि तेच पुस्तक त्यांच्या कार्डावर चढवलं. आठवड्याने ते आले. पुस्तक मुलाला द्यावं की नाही यावर अवाक्षर बोलले नाहीत. आणीबाणीत आपण स्वतः सातवीत होतो, आपल्या सरांना कसं पकडून नेलं होतं, हेच सांगत बसले. मुलाच्या कार्डावर ‘शाळा’ पुन्हा चढली नाही. मुलाने ती वडिलांच्या आठवड्यातच वाचून काढली होती, हे मॅडमना नंतर कळलं.

काही पुस्तकं कार्डावर चढतच नाहीत. वयात येण्याबद्दलची, शरीराबद्दलची, नको त्या स्पर्शाबद्दलची. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि स्टेशनात लोकांचा उद्रेक झाला, त्यानंतर आया हळू आवाजात अशा पुस्तकांची चौकशी करू लागल्या. मुली चौकशी करत नाहीत. पुस्तक टेबलामागे ठेवलं तर ते कुणी मागत नाही, आणि मोकळ्या मांडणीवर ठेवलं तर कुणी घरी नेत नाही. पण संध्याकाळी आवरताना ते सकाळच्या जागी नसतं. कधी पाककृतींत सापडतं, कधी प्रवासवर्णनांत. मॅडम ते उचलून पुन्हा जागेवर ठेवतात. देवघेव रजिस्टरात ते पुस्तक वर्षभर कोरंच असतं, त्यामुळे ‘न फिरणारी पुस्तकं’ काढायची वेळ आली की समितीपुढे त्याची बाजू मांडावी लागते.

उल्हासनगरची गोष्ट निराळी. 1949 साली लष्करी छावणीच्या जागेवर सिंधी निर्वासितांचं हे शहर वसलं. आज तिथल्या एका वर्गात सिंधी, मराठी, हिंदी बोलणारी मुलं शेजारी शेजारी बसतात आणि मधल्या सुट्टीत सगळी मुंबईची हिंदी बोलतात. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली. पण धड्याच्या पलीकडे मराठी वाचावी असं काही या मुलांच्या हाती पडत नाही. इंग्रजी माध्यमातली मुलगी ‘विम्पी किड’ वाचते आणि मराठी जोडाक्षरांशी अडखळते. तिला मॅडम इंग्रजीत आधी वाचलेलं पुस्तक मराठीत देतात. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ उघडलं की गोष्ट तोंडपाठ असते, अडतो तो एखादा शब्द, आणि तो पुढच्या वाक्यात आपसूक कळतो. ज्यांना एवढं जाड झेपत नाही त्यांच्यासाठी माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेल्या ‘वाचू आनंदे’चे कुमार गटाचे भाग पेटीत असतात. त्यात कुठलंही पान उघडावं, उतारा संपला की मिटावं.

मुलांचं मुलांनीच सांगावं म्हणून नवीन पुस्तकांच्या मांडणीला सुतळीने एक वही बांधली आहे. नियम एकच, ‘छान आहे’ लिहायचं नाही. सुरुवातीला वहीत क्रिकेटपटूंच्या सह्या आणि बदामच जास्त होते. मग ओळी येऊ लागल्या. ‘साठ पानं कंटाळा येईल, नंतर येणार नाही.’ ‘शेवट कुणी सांगितला तर मी मारेन.’ राम पटवर्धनांनी अनुवाद केलेल्या ‘पाडस’पुढे कुणीतरी लिहिलं होतं, ‘घरात कुत्रा असेल तर वाचू नका.’ मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या 1938 सालच्या मूळ कादंबरीला पुलित्झर मिळालं, हे मॅडमनी ‘पाडस’ देताना पूर्वी पुष्कळांना सांगून पाहिलं होतं. त्या एका ओळीनंतर पुस्तकाला रांग लागली.

न्यू यॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने किशोरांसाठी पुस्तकांची वार्षिक यादी काढायला सुरुवात केली ती 1929 साली. 1967 साली एस. ई. हिंटन या अठरा वर्षांच्या मुलीची ‘द आउटसायडर्स’ कादंबरी आली आणि अमेरिकेत या वयाच्या वाचकांसाठी स्वतंत्र लेखनाची वाट रुंदावली. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा त्याच 1967 सालचा. त्याने गावोगावच्या वाचनालयांना मान्यता, वर्ग आणि अनुदान मिळालं. बालविभागाचा विचार झाला. मधल्या वयाचा राहून गेला. ‘बालभारती’च्या ‘किशोर’ने 1971 पासून आणि अलीकडे ‘वयम्’ने ती जागा मासिकांपुरती तरी भरली आहे. पुस्तकांची खरेदी मात्र अजूनही मोठ्यांच्या मागणीवर ठरते. अनुदान हाती येतं तेव्हा येतं, समितीत सगळे साठीच्या पुढचे, आणि यादीत चरित्रं, अध्यात्म, आरोग्य यांचा भरणा. मॅडमची खरी शिफारस त्या बैठकीत होते. जे पुस्तक विकतच घेतलं नाही ते टेबलाशी कितीही गोड बोलून देता येत नाही.

गेल्या बैठकीत वाद झाला तो मांगांवरून. वहीच्या मागच्या पानांवर मुलांनी जपानी चित्रकथांच्या मागण्यांची रांग लावली होती, वर ‘वन पीस’. त्याचे भाग शंभराच्या वर गेले आहेत आणि अजून निघतच आहेत. एवढा खर्च आणि एवढी जागा कुठल्याच वाचनालयाला झेपणारी नाही. म्हणून मॅडमनी ‘डीमन स्लेयर’ सुचवलं, ते तेवीस भागांत पुरं झालं आहे. नमुन्याची प्रत टेबलावर फिरली. एका सदस्याने ती उघडली आणि बांधणी उलटी झालीय, विक्रेत्याला परत पाठवा, असा निर्वाळा दिला. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, हे मॅडमनी समजावलं तरी मान हलेना.

तेव्हा त्यांनी आदल्या शनिवारची हकिगत सांगितली. उल्हासनगरच्या शाळेत नातीला न्यायला एक आजोबा आले होते, कॅम्पातल्या सिंधी माध्यमाच्या शाळेत अरबी वळणाच्या लिपीत शिकलेले. नातीला ती लिपी येत नाही, आजोबांना तिची पुस्तकं जमत नाहीत. पेटीवर पडलेली ही प्रत त्यांनी सहज उचलली आणि बरोबर त्याच बाजूने उघडली. नात बघतच राहिली. मग आजोबांनी तिला चौकटी दाखवत विचारलं, इथून इकडे ना? ती हो म्हणाली, आणि पहिलं प्रकरण संपेपर्यंत दोघं पायरीवर बसून होते. इंग्रजी संवाद ती हिंदीत सांगत होती, पानं आजोबा उलटत होते.

समितीने पहिले तीन भाग मंजूर केले. उरलेले तारीखपट्टी बघून, दिवाळीनंतरच्या बैठकीत. तिन्ही भाग खालून दुसऱ्या खणात लागले आणि त्याच संध्याकाळी बाहेर गेले. नमुन्याची प्रत ज्यांना उलटी वाटली होती, त्या सदस्यांनी आपल्या नातवाच्या नावाने दुसऱ्या भागाला नंबर लावला आहे.